कागदमुक्त कार्यालयाची कल्पना आणि कोकणातील दप्तर : एक चिकित्सक विचार

प्रस्तावना

मोठ्या कार्यालयांतील छपाईचा खर्च आणि कागदाची नासाडी हा विषय वरकरणी भांडारपालाच्या नोंदवहीपुरता वाटतो. रिम किती आले, टोनर किती संपले आणि देयके किती रकमेची निघाली, एवढ्या हिशेबात तो संपतो असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात कागद वाचवण्याच्या प्रत्येक निर्णयात आणखी काही गोष्टी ठरत असतात. काय लिहून ठेवायचे, पुरावा कोणाच्या हाती राहायचा आणि त्याचे मोल कोणी मोजायचे, हे प्रश्न त्या निर्णयात दडलेले असतात. म्हणूनच या विषयाकडे केवळ काटकसरीचा विषय म्हणून पाहणे अपुरे ठरते.

या विषयावरील मूलभूत ग्रंथांत ॲबिगेल सेलन व रिचर्ड हार्पर यांच्या ‘द मिथ ऑफ द पेपरलेस ऑफिस’ या ग्रंथाचा समावेश करावा लागतो. एमआयटी प्रेसने प्रसिद्ध केलेल्या या ग्रंथावर २००२ हे वर्ष आहे. त्यानंतरच्या काळात संगणक, भ्रमणध्वनी आणि आंतरजाल यांचा प्रसार अनेक पटींनी झाला. तरीही ग्रंथात उपस्थित केलेला मुख्य प्रश्न जुना झालेला नाही. प्रस्तुत लेखात या ग्रंथाच्या प्रतिपादनाची चिकित्सा केली असून रत्नागिरी व एकूण कोकणातील कार्यालयीन व्यवहाराच्या संदर्भात ते कितपत टिकते, याचा विचार केला आहे.

ग्रंथाचे प्रतिपादन

कागदमुक्त कार्यालयाची कल्पना १९७५ साली ‘बिझनेस वीक’ या अमेरिकन नियतकालिकातील भविष्यकालीन कार्यालयावरील लेखामुळे सर्वतोमुखी झाली. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्राचे प्रमुख जॉर्ज पेक यांचे भाकीत त्या लेखात होते. टेबलावर पडदा व कळफलक असेल, कागदपत्रे तेथेच उघडता येतील आणि छापील प्रतींची गरज फारशी उरणार नाही, असा त्याचा आशय होता. छायाप्रतीच्या यंत्रावर मोठी झालेली कंपनी कागदाच्या अस्ताचे भाकीत करत होती, हा योगायोग लक्षणीय आहे. मराठीत तर त्या कंपनीचे नावच छायाप्रतीसाठी सामान्यनाम होऊन बसले आहे. सेलन व हार्पर या दोघांनीही याच कंपनीच्या इंग्लंडमधील केंब्रिज येथील केंद्रात काम केलेले होते. त्यामुळे त्यांच्या टीकेला आतल्या माहितीचा आधार आहे.

भाकीत खोटे का ठरले, हा ग्रंथाचा आरंभबिंदू आहे. संस्थेत ई-मेलचा वापर सुरू झाल्यावर तेथील कागदाचा खप सरासरी ४० टक्क्यांनी वाढतो, हा ग्रंथातील निष्कर्ष पुढे अनेकांनी उद्धृत केला. माहिती मिळवणे सोपे झाले की छापणेही सोपे होते. पूर्वी एका ठिकाणी छापून अनेकांना वाटले जाई, ते आता अनेकांना पाठवून अनेक ठिकाणी छापले जाते. हा बदल ग्रंथकारांनी नेमका टिपला आहे.

कागदावरील आक्षेपांचे त्यांनी तीन गट केले आहेत. कागद मागासलेपणाचे चिन्ह मानला जातो, हा पहिला. त्याच्या साठवणुकीवर व हाताळणीवर खर्च होतो, हा दुसरा. दूर अंतरावरून तो पाहता, बदलता वा शोधता येत नाही, हा तिसरा. यांपैकी पहिल्या आक्षेपापोटी, म्हणजे केवळ आधुनिक दिसावे म्हणून कागद हटवणाऱ्या संस्था बहुधा अपयशी ठरतात, असे ग्रंथकार दाखवतात. याउलट ‘दानटेक’ असे टोपणनाव दिलेल्या एका डॅनिश कंपनीने आधी कामाची पद्धत बदलली आणि त्या ओघात तेथील कागद कमी झाला. कागद हा रोग नसून कामाच्या पद्धतीचे लक्षण आहे, असे या प्रतिपादनाचे सार सांगता येईल.

ग्रंथाचा सर्वांत सकस भाग वाचनाविषयीचा आहे. कागदावर वाचताना माणूस पाने झरझर पुढेमागे करतो, दोन-तीन कागद शेजारी ठेवून ताडून पाहतो, मजकुरावर खुणा करतो आणि वाचता वाचता दुसऱ्या कागदावर लिहितो. या चार गोष्टींत कागद पडद्यापेक्षा सरस ठरतो, असे निरीक्षण त्यांनी नोंदवले आहे. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीतील अर्थतज्ज्ञ, हवाई वाहतूक नियंत्रक आणि पोलीस यांच्या कामाचे दाखले या विवेचनाला आहेत. फिर्याद नोंदवताना पोलिसाच्या हाती वहीऐवजी संगणक दिला की त्याचे लक्ष फिर्यादीवरून यंत्राकडे वळते, हे निरीक्षण तर कोणत्याही कचेरीतील खिडकीपाशी उभे राहिलेल्या माणसाला पटण्याजोगे आहे.

दप्तराची देशी परंपरा

ग्रंथकारांनी टेबलावरील कागदांची ‘उष्ण’, ‘कोमट’ आणि ‘थंड’ अशी प्रतवारी केली आहे. चालू कामाचे कागद हाताशी, नुकतेच संपलेले थोडे दूर आणि जुने अभिलेखात, अशी ही मांडणी आहे. पाश्चात्त्य वाचकाला ती नवी वाटली असेल, परंतु महाराष्ट्रातील महसूल व जिल्हा परिषद कार्यालयांना परिचित असलेली ‘सहा गठ्ठे पद्धत’ हेच काम अधिक बारकाईने करत आली आहे. कार्यवाहीची प्रकरणे, उत्तराच्या प्रतीक्षेतील प्रकरणे, नियतकालिक विवरणे, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे कागद आणि नाश करावयाचे कागद असे सहा वेगळे गठ्ठे लिपिकाने ठेवावेत, अशी ती पद्धत आहे. यातील सहावा गठ्ठा विशेष महत्त्वाचा आहे. कागद तयार होतानाच त्याच्या अंताचा विचार या पद्धतीत केलेला आहे. अभिलेखांचे कायम ठेवावयाचे आणि ठरावीक वर्षांनंतर नष्ट करावयाचे असे वर्गीकरणही याच विचारातून आलेले आहे.

या परंपरेची मुळे खोल आहेत. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागद कापडात बांधून ‘रुमाल’ या एककाने ठेवले गेले. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्यांतून निवडक कागदांचे ४५ खंड संपादित केले. दीडशे वर्षांहून अधिक जुने कागद विसाव्या शतकात वाचता आले, याचे श्रेय त्या बांधणीकडे आणि जतनाकडे जाते. अलीकडच्या काळात १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात अहमदनगरचे तत्कालीन जिल्हाधिकारी अनिलकुमार लखीना यांनी कार्यालयरचना व अभिलेखव्यवस्थेत केलेल्या सुधारणा ‘लखीना पॅटर्न’ या नावाने राज्यभर परिचित झाल्या. पुणे विभागात २०१७ च्या सुमारास चंद्रकांत दळवी यांनी राबवलेल्या ‘झिरो पेंडन्सी अँड डेली डिस्पोजल’ या मोहिमेतही जुन्या अभिलेखांचे वर्गीकरण व निर्लेखन ही पहिली पायरी होती.

या सर्व प्रयत्नांत संगणकाला मुख्य स्थान नव्हते. कागद कमी करण्याआधी कागदाला शिस्त लावावी लागते, हा सेलन व हार्पर यांचा निष्कर्ष येथे प्रशासकीय अनुभवातून आधीच हाती आलेला होता. मात्र हा अनुभव परिपत्रकांत व प्रशिक्षण-टिपणांत विखुरलेला राहिला. त्याचे शास्त्रीय विवेचन मराठीत फारसे झाले नाही, ही उणीव मान्य करावी लागेल.

प्रतींची वाढ : कार्बनपासून प्रिंटरपर्यंत

शासकीय आदेशाच्या अखेरीस ‘प्रत’ या शीर्षकाखाली येणारी यादी लक्षपूर्वक पाहण्यासारखी असते. तिच्यात राज्यपालांच्या सचिवांपासून सर्व जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत अनेक नावे असतात आणि शेवटी ‘निवड नस्ती’ असते. टंकलेखन यंत्राच्या काळात या यादीला एक नैसर्गिक मर्यादा होती. कार्बन लावून एका वेळी पाच-सहा प्रती सुवाच्य निघत, त्यापुढच्या प्रतींसाठी पुन्हा टंकलेखन करावे लागे किंवा सायक्लोस्टाईलचा खटाटोप करावा लागे. म्हणजे प्रत वाढवायची तर कोणाचे तरी श्रम वाढत. प्रिंटर आल्यावर हे श्रम नाहीसे झाले आणि त्याबरोबर मर्यादाही गेली. आकडा बदलला की हव्या तेवढ्या प्रती मिळू लागल्या. ज्याला आदेशाशी कर्तव्य नाही त्यालाही ‘माहितीसाठी’ प्रत जाऊ लागली आणि आलेली प्रत फेकता येत नाही म्हणून नस्तीला लागू लागली.

महाराष्ट्र शासनाचे निर्णय संकेतस्थळावर सांकेतांकासह आणि डिजिटल स्वाक्षरीने साक्षांकित होऊन प्रसिद्ध होऊ लागले, हा या दृष्टीने मोठा बदल होय. प्रत टपालाने पोहोचण्याची वाट पाहण्याचे कारण उरले नाही. परंतु संकेतस्थळावरील निर्णय ज्या ज्या टेबलावर लागतो तेथे तो पुन्हा छापला जातो. पूर्वीची एक मध्यवर्ती छपाई आता अनेक ठिकाणच्या छोट्या छपायांत विभागली गेली आहे. मध्यवर्ती कार्यालयाच्या लेख्यात बचत दिसते, परंतु जिल्हा, तालुका आणि गाव पातळीवरील टोनरचा खर्च त्या लेख्यात येत नाही.

लिपी, टंक आणि हवामान

ग्रंथाच्या पहिल्या महत्त्वाच्या मर्यादेकडे येथे वळता येईल. सेलन व हार्पर यांनी अभ्यासलेल्या कार्यालयांत एका संगणकावर लिहिलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर तसाच दिसतो, हे गृहीत धरलेले आहे. मराठी कार्यालयांत हे गृहीतक दीर्घकाळ खोटे होते. युनिकोडच्या १९९१ मधील पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीला त्यात स्थान होते, तरी प्रत्यक्ष कामकाज श्रीलिपी, आकृती, आयएसएम यांसारख्या परस्परांशी न जुळणाऱ्या टंकांत चालत असे. जिल्ह्याच्या कार्यालयाने एका टंकात केलेले पत्र तालुक्याच्या संगणकावर निरर्थक चिन्हांची रांग होऊन उघडे. अशा स्थितीत पत्र छापणे आणि छापील पत्र पाठवणे एवढाच खात्रीचा मार्ग उरे. ते पत्र पोहोचल्यावर त्यातील माहिती पुन्हा टंकलिखित होई आणि पुन्हा छापली जाई.

याचा अर्थ असा की, मराठी कार्यालयांतील कागदाच्या खपामागे केवळ जुनी सवय किंवा कर्मचाऱ्यांची अनास्था नव्हती. राजभाषा मराठी, परंतु संगणकाचे व्यवहार इंग्रजीच्या सोयीने चाललेले, या विसंगतीची ती किंमत होती. युनिकोडच्या सार्वत्रिक वापराने ही अडचण बरीच कमी झाली. कार्यालयीन छपाई घटवणाऱ्या उपायांत लिपीच्या प्रमाणीकरणाची गणना क्वचितच होते, परंतु मराठीपुरते बोलायचे तर ते त्यांतील एक पायाभूत पाऊल होते.

टंकाच्या निवडीतून शाई वाचवण्याची कल्पनाही या संदर्भात तपासून पाहावी लागते. २०१४ साली अमेरिकेतील एका शालेय विद्यार्थ्याने गॅरामाँड हा टंक वापरल्यास शासनाची मोठी बचत होईल असा हिशेब मांडला आणि त्याला जगभर प्रसिद्धी मिळाली. टंकतज्ज्ञांनी लगेच दाखवून दिले की, त्याच आकारमानात गॅरामाँडची अक्षरे मुळातच लहान दिसतात, त्यामुळे बचत टंकाच्या गुणापेक्षा अक्षर लहान झाल्याने होते. देवनागरीत तर हा उपाय अधिकच अवघड आहे. शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा व अनुस्वार आणि खाली उकार यांना जागा द्यावी लागते. अक्षर वा ओळींतील अंतर फार कमी केले तर ‘कु’ आणि ‘कृ’ यांतील फरक पुसट होतो. आडनावातील किंवा गटनंबराजवळील एका चुकीने ज्याची वारसनोंद अडते, त्याला ही काटकसर परवडणारी नसते.

दुसरी मर्यादा हवामानाची आहे. ग्रंथातील कागद कोरड्या, वातानुकूलित इमारतींतील आहे. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पावसाळ्यात उघडा राहिलेला रिम ओल शोषून घेतो, कागद वळतो, यंत्रात अडकतो आणि अडकलेला प्रत्येक कागद रद्दीत जातो. वाळवी व कसर यांचा उपद्रव वेगळाच. कार्यालयातील नासाडीचा हा भाग दुहेरी छपाईच्या परिपत्रकाने कमी होत नाही. कागद बंद कपाटात ठेवणे आणि लागेल तेवढाच रिम फोडणे, हे साधे उपाय त्यासाठी अधिक उपयोगी पडतात.

हवामानाचा पुरावा येथेच संपत नाही. वाशिष्ठीच्या पुराचे पाणी २००५ आणि २०२१ च्या जुलैमध्ये चिपळूण शहरात शिरले. १८६४ साली स्थापन झालेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराच्या ग्रंथसंपदेला त्याची झळ बसली. कागद हा कायमचा पुरावा आहे, हा विश्वास अशा वेळी डळमळतो. मंत्रालयाला २१ जून २०१२ रोजी लागलेल्या आगीतही असंख्य नस्त्या नष्ट झाल्या आणि ई-ऑफिस प्रणालीच्या आग्रहाला त्यानंतर वेग आला. मात्र याची दुसरी बाजूही कोकणाने अनुभवली आहे. ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ चक्रीवादळानंतर दापोली व मंडणगड तालुक्यांतील अनेक गावे दीर्घकाळ विजेविना होती. पडझडीच्या नोंदी करून मदत पोहोचवण्याचे काम ज्या काळात सर्वाधिक निकडीचे होते, त्याच काळात पडदे काळे होते. एकाच माध्यमावर विसंबणे कोणत्याही बाजूने धोक्याचे आहे, असा याचा अर्थ होतो.

खिडकीपलीकडचा माणूस

ग्रंथाची सर्वांत गंभीर मर्यादा वेगळीच आहे. त्याच्या विश्लेषणाचे एकक ‘संस्था’ आणि तिच्यात काम करणारा कर्मचारी हे आहे. त्या संस्थेच्या खिडकीपलीकडे अर्ज घेऊन उभा असलेला माणूस या विवेचनात जवळजवळ येत नाही. तो आणला की खर्चाचे गणित बदलते.

शासनाची अनेक कामे आज संगणकीय प्रणालीवर होतात. त्यांतील काहींनी नागरिकाचे खरेच भले केले आहे. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा राज्यात मे २०१८ पासून उपलब्ध झाला आणि त्याचे शुल्क १५ रुपये ठेवण्यात आले. कोकणातील जमीन बहुतेक सामाईक असते, वहिवाटदार गावात असतो आणि निम्मे सहहिस्सेदार मुंबईत. एका उताऱ्यासाठी चाकरमान्याने रजा काढून गावी यावे, ही पाळी या सोयीने टळली. शपथपत्राच्या जागी स्वयंघोषणापत्र स्वीकारण्याच्या २०१५ च्या निर्णयानेही कागद, मुद्रांक आणि खेटे हे तिन्ही वाचले.

परंतु याच्या शेजारी दुसरा अनुभव आहे. अर्ज संगणकावर भरावयाचा, त्याची प्रत छापून घ्यावयाची, तिला कागदपत्रांच्या छायाप्रती जोडावयाच्या आणि तो गठ्ठा कार्यालयात नेऊन द्यावयाचा, ही पद्धत शिष्यवृत्तीपासून भरतीपर्यंत अनेक ठिकाणी रूढ झालेली दिसते. येथे कागद नाहीसा झालेला नाही, त्याची खरेदी बदललेली आहे. पूर्वी कार्यालयाने छापलेला कोरा नमुना फुकट वा नाममात्र किमतीत मिळे. आता तोच नमुना अर्जदार सेवा केंद्रात किंवा झेरॉक्सच्या दुकानात आपल्या पैशाने छापतो. कार्यालयाच्या छपाईखर्चात घट दिसते, तिचा काही भाग दुकानाच्या काउंटरवर रोखीने भरलेला असतो. मंडणगडसारख्या टोकाच्या तालुक्यातून रत्नागिरीस येणाऱ्या अर्जदाराचा त्यात सबंध दिवसही मोडतो.

हेच चित्र शिक्षणक्षेत्रातही दिसते. रत्नागिरी जिल्ह्यातील पारंपरिक महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत. विद्यापीठाने प्रश्नपत्रिका छापील पाकिटांऐवजी संगणकीय मार्गाने परीक्षाकेंद्रांकडे पाठवण्याची पद्धत स्वीकारली. मुंबईपासून कोकणातील केंद्रापर्यंतची वाहतूक, पाकिटांची राखण आणि जादा छापलेल्या प्रतींची नासाडी यांतून या पद्धतीने सुटका केली. केंद्रावर उपस्थितीप्रमाणे प्रती काढता येतात, ही उघड बचत आहे. परंतु छपाई महाविद्यालयाच्या यंत्रावर आली. उदाहरणादाखल, २०० विद्यार्थ्यांचे केंद्र, ६ विषय आणि प्रत्येकी ४ पृष्ठांची प्रश्नपत्रिका धरल्यास ४,८०० पृष्ठे होतात. एका बाजूने छापल्यास ५०० कागदांचे नऊहून अधिक रिम लागतात, दोन्ही बाजूंनी छापल्यास पाचांहून कमी. परीक्षा सुरू होण्यापूर्वीच्या थोड्या वेळात हे काम उरकायचे असते, वीज व यंत्र दोन्ही ठीक असावी लागतात. म्हणजे येथे एकूण नासाडी घटली, तरी खर्चाचा व जोखमीचा वाटा मोठ्या संस्थेकडून लहान संस्थेकडे सरकला. बचतीचे मूल्यमापन करताना या दोन गोष्टी वेगळ्या मोजाव्या लागतात.

याच विद्यापीठाने २०१७ मध्ये सुमारे १७ लाख उत्तरपत्रिकांचे पडद्यावरील मूल्यांकन एकदम सुरू केले. निकाल लांबले, विद्यार्थ्यांचे पुढील प्रवेश अडले आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. या प्रकरणाकडे केवळ व्यवस्थापनातील घाई म्हणून पाहिले जाते. सेलन व हार्पर यांच्या दृष्टीने पाहिल्यास त्याचे आणखी एक कारण उमगते. उत्तरपत्रिका कागदावरच होत्या, त्यामुळे कागद वाचला नाहीच, उलट स्कॅनिंगची एक पायरी वाढली. बदलली ती परीक्षकाच्या हाताची सवय. गठ्ठा समोर पसरणे, एका उत्तरावरून दुसऱ्यावर जाणे, आधी तपासलेल्या उत्तराशी ताडून पाहणे ही कामे कागद निमूटपणे करत होता. ती कोणती, याची यादी आधी झाली नाही. पडद्यावरील मूल्यांकनाचे बेरजेतील चुका टळणे, दूरच्या परीक्षकाला प्रवास न करावा लागणे हे लाभ खरे आहेत. ते पदरात पडण्यासाठी टप्प्याटप्प्याने जाणे आवश्यक होते.

पोच आणि प्रामाण्य

खिडकीपलीकडच्या माणसासाठी कागदाचे एक काम सर्वांत मोठे आहे. ते म्हणजे पोच. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, दिनांक आणि शिक्का मिळाला की अर्ज दिल्याचा पुरावा त्याच्या हाती राहतो. कार्यालयाच्या दृष्टीने ती दुसरी प्रत हा अपव्यय असू शकेल. अर्जदाराच्या दृष्टीने ती त्याच्याजवळचा एकमेव आधार असतो. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ किंवा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ यांखालील मुदत मोजायची तर आरंभदिनांक सिद्ध व्हावा लागतो.

कायद्याने इलेक्ट्रॉनिक नोंदीला पूर्ण मान्यता दिलेली आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वये इलेक्ट्रॉनिक अभिलेख व डिजिटल स्वाक्षरी यांना वैधता आहे. डिजिलॉकरमधून दिलेली प्रमाणपत्रे मूळ प्रतीसमान मानण्याची तरतूद २०१७ पासून नियमांत आहे. असे असूनही ‘प्रिंट काढून आणा’ हे वाक्य कचेरीत ऐकू येते. यामागे कर्मचाऱ्याची भीती असते. लेखापरीक्षणात नस्ती मागितली जाते, पडदा मागितला जात नाही. चौकशी झाली तर शिक्का-सही दाखवता आली पाहिजे, हा विचार अनुभवातून आलेला आहे. तेव्हा छपाई कमी करण्याचा आदेश लिपिकाला देण्यापूर्वी लेखापरीक्षकाने आपली मागणी बदलली पाहिजे. अन्यथा ई-ऑफिसची नस्ती आणि तिची छापील जुळी प्रत अशी दोन दप्तरे समांतर चालतात आणि खर्च दुप्पट होतो. १९८१ साली रत्नागिरीतून वेगळ्या झालेल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याचे जिल्हाधिकारी कार्यालय ई-ऑफिस स्वीकारणाऱ्या राज्यातील आरंभीच्या कार्यालयांपैकी आहे. या शेजारच्या अनुभवाचा अभ्यास करताना नस्त्या किती संगणकावर गेल्या यापेक्षा जुळी दप्तरे किती बंद झाली, हा निकष अधिक सार्थ ठरेल.

न्यायव्यवस्थेतील एक उदाहरण या संदर्भात बोलके आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ए-४ आकाराच्या कागदावर दोन्ही बाजूंनी छापलेली कागदपत्रे स्वीकारण्यास आरंभ केला. तोवर एका बाजूने, मोठे समास सोडून, मोठ्या आकाराच्या कागदावर छापण्याची प्रथा होती. यासाठी नवे यंत्र लागले नाही, सॉफ्टवेअर लागले नाही. जो कागद स्वीकारतो त्याने आपली अट बदलली आणि देशभरच्या पक्षकारांचा कागद वाचला. कागदाचा खप छापणाऱ्यापेक्षा मागणाऱ्याच्या हाती अधिक असतो, हे यावरून स्पष्ट होते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. कागद कोणते काम करतो हे आधी ओळखावे आणि मग तो कमी करावा, हे सेलन व हार्पर यांचे प्रतिपादन कोकणातील कार्यालयीन अनुभवाने दृढ होते. सहा गठ्ठे पद्धत व अभिलेख-वर्गीकरण यांसारख्या देशी पद्धतींत हा विचार आधीपासून होता.

२. ग्रंथात लिपी, हवामान आणि प्रामाण्य या घटकांचा विचार नाही. मराठी कार्यालयांतील जादा छपाईची काही कारणे याच घटकांत आहेत, म्हणून परदेशी उपाय जसेच्या तसे उचलणे निष्फळ ठरते.

३. दुहेरी छपाई, सामाईक यंत्र, मसुदा पडद्यावरच तपासणे आणि ‘माहितीसाठी’च्या याद्या छाटणे हे उपाय उपयुक्त आहेत. परंतु कागद मागणारी यंत्रणा, म्हणजे लेखापरीक्षण, वरिष्ठ कार्यालय आणि छाननी कक्ष, यांनी अटी बदलल्याविना त्यांचा परिणाम मर्यादित राहतो.

४. बचतीचे एकक कार्यालय हे नसून व्यवहार हे असावे. एक दाखला मिळेपर्यंत अर्जदार, सेवा केंद्र, ग्रामपंचायत, तहसील आणि जिल्हा या सर्वांनी मिळून किती पाने छापली, हे मोजले तरच खर्च घटला की दुसऱ्याच्या खिशात गेला, हे कळू शकते.

५. नागरिकाच्या हाती राहणारी पोच ही नासाडीत गणली जाऊ नये. तिच्या जागी भ्रमणध्वनीवरील संदेश द्यावयाचा असेल तर त्यात आवक क्रमांक, दिनांक व स्वीकारणाऱ्या कार्यालयाचे नाव असावे आणि मागणाऱ्यास छापील पोच नाकारली जाऊ नये.

नऊ तालुक्यांच्या रत्नागिरी जिल्ह्यात अशी मोजणी एखाद्या तहसील कार्यालयाच्या एकाच सेवेपुरती, उदाहरणार्थ उत्पन्नाच्या दाखल्यापुरती, करणे सहज शक्य आहे. वाणिज्य, समाजशास्त्र व मराठी या विभागांच्या विद्यार्थ्यांनी संयुक्त प्रकल्पातून ती हाती घेतल्यास कार्यालयाच्या टोनरबरोबर अर्जदाराने दुकानात मोजलेले रुपयेही प्रथमच एका तक्त्यात येतील.